फ्लॅट-पॅक कपाट आणि बेड खोलून शिफ्ट करताना: कुठला स्क्रू आधी, कुठला शेवटी

भाड्याचं घर बदलताना कपाट मोडतं ते बहुतेक वेळा जुन्या घराच्या बेडरूममधेच. अर्धे स्क्रू निघालेले असतात, पाठीचा पातळ प्लाय काढून भिंतीला टेकवलेला असतो, कपाट अजून उभंच असतं, आणि कुणीतरी म्हणतं "जरा इकडं सरकवूया म्हणजे बाजूला जागा होईल". त्या एका धक्क्यात वरचं पॅनल तिरकं होतं आणि मिनीफिक्सचा (दोन फळ्या जोडणारी गोल चकती आणि बोल्टची जोडी) बोल्ट बोर्डातून उपटून बाहेर येतो, सोबत रुपयाच्या नाण्याएवढा भुशाचा टवका घेऊन. मग नवीन घरात ते कपाट कधीच सरळ उभं राहत नाही, दारं घासतात, आणि दोष जातो टेम्पोवाल्याला.

मी पुण्यात आठ वर्षांत पाच घरं बदलली, त्यात मित्रांची नि नातेवाईकांची शिफ्टिंगं धरली तर पंधरा-सोळा कपाटं तरी हाताखालून गेली असतील. चुका जवळजवळ सगळीकडे त्याच बघितल्या, म्हणून हे सगळं क्रमानं लिहितोय. हे पार्टिकल बोर्ड किंवा एमडीएफच्या (म्हणजे लाकडाचा भुसा दाबून बनवलेल्या बोर्डाच्या), मिनीफिक्स आणि अॅलन कीच्या (षटकोनी टोकाच्या वाकड्या चावीच्या) स्क्रूंवर जोडलेल्या फर्निचरबद्दल आहे. सुतारानं घरी बसून फेव्हिकॉल आणि खिळ्यांनी बनवलेलं कपाट असेल तर ते खोलायला बनवलेलंच नसतं, त्याला हे लागू नाही, ते अख्खं उचलायचं किंवा सुतारालाच बोलवायचं.

## १. आधी ठरवा काय खोलायचं आणि काय नाही

सगळंच खोलायची गरज नसते. भुशाचा बोर्ड आटे धरून ठेवण्यात कमजोर असतो, प्रत्येक वेळी खोलून जोडलं की पकड थोडी कमी होते, त्यामुळे जे अख्खं जाऊ शकतं ते अख्खंच न्या. बेडसाइड टेबल, शू रॅक, छोटी पुस्तकांची रॅक यांचे फक्त खण आणि सुटे कप्पे काढून बाकी तसंच. स्टडी टेबलाचे बहुतेक वेळा फक्त पाय काढले तरी पुरतं.

खोलावंच लागतं ते दोन किंवा तीन दारी कपाट, स्टोरेजवाला बेड, मोठं टीव्ही युनिट, आणि डायनिंग टेबल.

आता मेजरटेप घेऊन या जागा मोजा, आणि दोन्ही घरांच्या मोजा, फक्त नवीन घराच्या नाही:

- लिफ्टचं दार आणि केबिनची आतली उंची. साधारण ७ फुटी साइड पॅनल कित्येक सोसायट्यांच्या लिफ्टमधे उभं जात नाही, तिरकं घालावं लागतं.
- जिन्याचं वळण, म्हणजे चौकातली मोकळी जागा.
- बेडरूमच्या दाराची चौकट.
- टेम्पोचा हौदा. छोटा हत्ती आतून साधारण ७ फूट लांब असतो, २१०० मिमीचं पॅनल त्यात जेमतेम बसतं, त्याहून लांब असेल तर मोठी गाडी सांगा.

सोसायटीच्या ऑफिसमधे आधीच विचारून ठेवा की शिफ्टिंगला वेळ कुठली, सर्व्हिस लिफ्ट आहे का, गेटपास लागतो का. बऱ्याच ठिकाणी दुपारी लिफ्ट बंद ठेवतात किंवा रविवारी सामान नेऊ देत नाहीत, आणि मग खाली पार्किंगमधे सुटी पॅनलं भिंतीला टेकवून तीन तास बसावं लागतं. पावसाळ्यात तर हे फारच महागात पडतं.

तपासा: कपाटाच्या तळाला आणि मागच्या कोपऱ्यात हात फिरवा. बोर्ड फुगलेला, मऊ किंवा भुसभुशीत लागला, किंवा वाळवीची मातीची रेघ दिसली, तर ते कपाट खोलल्यावर परत उभं राहणार नाही. त्याच्या शिफ्टिंगवर पैसे घालू नका.

## २. हत्यारं आणि पिशव्या आदल्या दिवशीच

लागतं थोडंच, पण ऐन वेळी सापडत नाही. फुली टोकाचा चांगला स्क्रू ड्रायव्हर, टोक न झिजलेला. झिजलेल्या टोकानं मिनीफिक्सचं डोकं गोल होतं, ते मऊ धातूचं असतं, आणि एकदा गोल झालं की ते काढणं फार त्रासाचं. अॅलन कींचा सेट (४, ५ आणि ६ मिमी या तीन जास्त लागतात), चपटा स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, रबरी हातोडी, दहा नि तेरा नंबरचा पाना.

बाकी सामान म्हणजे झिपवाल्या पिशव्या पंधरा-वीस, मार्कर, मास्किंग टेप, पुठ्ठे, जुन्या चादरी किंवा गोधड्या, स्ट्रेच फिल्मचा रोल.

ब्राउन टेप पॅनलवर थेट लावू नका. दोन दिवस उन्हात किंवा दमट हवेत राहिला की काढताना लॅमिनेटचा पापुद्रा किंवा कडेची पट्टी घेऊनच निघतो. पॅनलवर फक्त मास्किंग टेप, आणि तोही नवीन घरी पोचल्यावर लगेच काढायचा.

ड्रिल मशीन खोलायला वापरायचं असेल तर अगदी हळू स्पीडला चालतं, पण परत जोडताना मशीन बाजूला ठेवा. त्याबद्दल पुढे सांगतो.

## ३. फोटो, नंबर, पिशव्या

कंटाळा करू नका, पाऊण तास यातच घालवा. संध्याकाळचे चार तास वाचतात.

१. पूर्ण कपाटाचा समोरून फोटो, दारं बंद आणि उघडी दोन्ही.
२. प्रत्येक सांध्याचा जवळून फोटो, विशेषतः बिजागरी, खणाचे चॅनेल (ज्या पट्ट्यांवर खण सरकतो त्या), आणि भिंतीला लावलेली क्लॅम्प.
३. प्रत्येक पॅनलवर मास्किंग टेपची पट्टी लावून लिहा: "डावी बाजू – आतली", "वरचं", "मधलं उभं", "कप्पा ३". डावं-उजवं हे कपाटासमोर उभं राहून ठरवायचं आणि तेच शेवटपर्यंत ठेवायचं. शिवाय वरच्या टोकाकडं बाण काढा, कारण साइड पॅनल उलटं लावलं तर भोकं जवळपास जुळतात, पूर्ण जुळत नाहीत, आणि हे कळेपर्यंत अर्धं कपाट उभं झालेलं असतं.
४. एका सांध्याचं सामान एका पिशवीत. "सगळे स्क्रू एका डब्यात" ही सवय सोडा. बिजागरीचा छोटा स्क्रू आणि चॅनेलचा स्क्रू दिसायला सारखे असतात, पण लांबीत दोन-तीन मिमीचा फरक असतो, आणि लांब स्क्रू चुकीच्या जागी गेला की १६ मिमीच्या बोर्डाच्या पलीकडच्या बाजूला फोड येतो.

सगळ्या पिशव्या शेवटी एका मोठ्या पिशवीत, आणि ती तुमच्या खांद्यावरच्या बॅगेत. टेम्पोत ठेवायची नाही.

## ४. कपाट खोलणं

दोन माणसं हवीतच. ७ फूट उंच, २२ इंच खोल, १८ मिमीचं एक साइड पॅनल साधारण १४ किलोचं असतं, वजन एकट्याला उचलेल असं आहे, पण एका हातात पॅनल धरून दुसऱ्या हातानं स्क्रू फिरवणं जमत नाही, आणि तिथंच घात होतो.

पायरी १: पूर्ण रिकामं करा. हँगर, खालचे बूट, वरच्या कप्प्यातल्या रजया, सगळं. आत सेन्सरचे दिवे असतील तर वायर काढून गुंडाळून पिशवीत.

पायरी २: सुटे कप्पे आणि खण. खणाच्या टेलिस्कोपिक चॅनेलला दोन्ही बाजूंना आत एकेक काळी प्लॅस्टिकची पट्टी असते. खण पूर्ण बाहेर ओढा, एका बाजूची पट्टी वर आणि दुसऱ्या बाजूची खाली एकाच वेळी दाबा (दोन्हींची दिशा उलटी असते, इथं लोक गोंधळतात) आणि सरळ ओढा. निघत नाही म्हणून हिसका देऊ नका, आतले छर्रे सांडतात आणि तो चॅनेल बाद होतो.

पायरी ३: दारं. एका माणसानं दार खालून धरायचं, दुसऱ्यानं बिजागऱ्या सोडायच्या. खालची आधी, मग मधल्या, वरची सगळ्यात शेवटी. वरची आधी सोडली तर दाराचं सगळं वजन खालच्या बिजागरीवर तिरकं येतं आणि तिचे स्क्रू बोर्डातून उपटले जातात. क्लिपवाली बिजागरी असेल तर मागे छोटी कळ असते, ती दाबली की दार सुटतं, स्क्रूला हातही लावायला लागत नाही. क्लिप नसेल तर कपाटाच्या अंगाला असलेले स्क्रू सोडा, दाराला असलेली गोल वाटी तशीच राहू द्या.

सरकती दारं असतील तर खालचं चाक वर दाबायची कळ बघा, दार थोडं वर उचला, खालचा भाग आपल्याकडं ओढा आणि मग वरून उतरवा. आरसेवालं दार फार जड असतं, त्याला तिसरा माणूस बोलवा.

पायरी ४: भिंतीची क्लॅम्प. ही विसरून कपाट पुढं ओढणारे खूप आहेत. कपाटाच्या वर, आतून, मागच्या कडेला बॅटरी मारून बघा.

पायरी ५: कपाट आडवं करा, पाठ अजून लावलेलीच आहे. सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच.

मागचा प्लाय ३ मिमीचा असतो, हातानं वाकतो, म्हणून लोकांना वाटतं तो फक्त धूळ अडवायला आहे. खरं तर अख्खं कपाट चौकोनी ठेवायचं काम तोच करतो. सुतार म्हणतात ना, गुण्यात असणं, तर कपाटाला गुण्यात ठेवणारा तो प्लाय आहे. तो निघाला की उरतो चार फळ्यांचा सांगाडा, जो पत्त्यांच्या घरासारखा एका बाजूला कलंडू शकतो, आणि कलंडताना सगळा जोर मिनीफिक्सच्या त्या इवल्याशा बोल्टांवर येतो. त्यामुळे उभ्या कपाटाची पाठ कधीही काढायची नाही.

आडवं करायच्या आधी वर बघा. जुन्या घरांत कपाट अनेकदा माळ्याच्या खाली सरकवलेलं असतं. २१०० मिमी उंच आणि ६०० मिमी खोल कपाट तिरकं करताना त्याचा कोपरा जवळजवळ २१८५ मिमीपर्यंत वर जातो. माळा सात फुटांवर असेल तर तिथल्या तिथं ते आडवं होणारच नाही, आधी मोकळ्या छताखाली आणायला लागेल. सरकवताना दोघांनी तळाशी धरून, दोन बाजूंनी, खाली जुनी चादर घालून. वरून ढकलू नका.

जमिनीवर गोधडी पसरा, आणि कपाट तोंडावर झोपवा, म्हणजे पाठ छताकडं. एक जण तळाशी पाय लावून थांबेल, दुसरा वरचा भाग हळूहळू खाली आणेल.

पायरी ६: आता पाठ काढा. छोट्या चुका (खिळे) मारलेल्या असतील तर कडेच्या अगदी जवळ, चुकेशेजारी, चपटा स्क्रू ड्रायव्हर प्लायखाली घालून तो हलके हलके वर उचलायचा. मधोमध जोर लावला तर प्लाय फाटतो आणि चुका बोर्डातच राहतात. पाठ खाचेत सरकवलेली असेल तर तिला ठोकायचं नाही, वरचं किंवा खालचं पॅनल सुटलं की ती आपोआप सरकत निघते.

इथून पुढे कपाट उभं करायचं नाही, ओढायचं नाही, फिरवायचं नाही. जिथं झोपलंय तिथंच खोलायचं.

पायरी ७: मिनीफिक्स. पॅनलच्या आतल्या बाजूला नाण्यासारखी गोल चकती दिसते, कधी त्यावर प्लॅस्टिकचं टोपण असतं, ते नखानं किंवा चपट्या स्क्रू ड्रायव्हरनं काढा. चकतीवर बाण किंवा छोटा त्रिकोण असतो. उलटी, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध फिरवा. अर्ध्या फेऱ्याच्या आसपास ती सैल होते आणि बाण पॅनलच्या त्या कडेकडं येतो जिथून बोल्ट आत शिरलाय. तिथं थांबा. ही चकती स्क्रूसारखी बाहेर येत नाही, आणि लोक ती "अजून निघाली नाही" म्हणून जोर लावत फिरवत बसतात आणि तिचे ओठ मोडतात.

एका साइड पॅनलच्या सगळ्या चकत्या सैल झाल्या की दोघांनी दोन टोकांना धरून ते पॅनल सरळ बाहेरच्या दिशेनं ओढायचं. दोन्ही टोकं एकसारखी सरकली पाहिजेत. एक टोक दोन इंच पुढं आणि दुसरं अडकलेलं असं झालं की आतल्या लाकडी खुंट्या तुटतात. अडकलं तर आधी सगळ्या चकत्या परत तपासा, नव्वद टक्के वेळा एखादी राहिलेलीच असते. मग सांध्याजवळ लाकडाचा तुकडा ठेवून त्यावर रबरी हातोडीचे हलके ठोके. स्क्रू ड्रायव्हर फटीत घालून उचकटू नका, कडेचा टवका हमखास जातो.

काही कपाटांत मिनीफिक्सऐवजी बाहेरून घातलेले लांब जाड स्क्रू असतात, अॅलन कीनं निघणारे. तेही आधी सगळे एकेक फेरा सैल करून घ्या, मग पूर्ण काढा, म्हणजे एकाच स्क्रूवर वजन येत नाही.

पहिली बाजू निघाल्यावर मधले कप्पे आपोआप सुटायला लागतात, त्यामुळे एकानं तिथं हात ठेवूनच राहायचं.

पायरी ८: बोल्टांचं काय? साइड पॅनलमधे घुसलेले मिनीफिक्सचे बोल्ट बाहेर डोकं काढून उभे राहतात. अनेक जण ते तसेच ठेवतात, आणि पॅनलवर पॅनल ठेवलं की ते दुसऱ्याच्या लॅमिनेटवर चरे पाडतात, किंवा कुठेतरी आपटून वाकतात आणि भोक मोठं करतात. मी पूर्वी सगळे काढून घ्यायचो, पण काढून घातल्यानं आटे झिजतात हे दोन शिफ्टिंगनंतर दिसलं. आता तसेच ठेवतो आणि त्या ओळीवर जाड पुठ्ठ्याची दुमडलेली पट्टी मास्किंग टेपनं लावतो. लाकडी खुंट्या ज्या सहज निघतात त्या पिशवीत, चिकटलेल्या असतील तर ओढू नका.

## ५. हायड्रॉलिक बेड: इथं घाई म्हणजे बोटं जाणं

कपाटात चूक झाली तर बोर्ड जातो, इथं हात जातो. त्यामुळे हा भाग नीट वाचा.

बेडच्या पिस्टनमधे दाबाखाली भरलेला गॅस असतो. गादीचं वजन धरून तो बेड उचलला जावा अशा ताकदीचा तो असतो, म्हणजे गादी काढली की वरची फळी स्वतःहून झपकन उघडू शकते. मागच्या वर्षी मित्राच्या घरी आम्ही गादी उचलली आणि त्याचा भाऊ फळीवर वाकून कडी बघत होता, फळी उठली आणि त्याच्या हनुवटीला लागली, दोन टाके पडले. आम्ही तिघंही तिथं उभे होतो आणि एकालाही सुचलं नाही की गादी गेली म्हणजे फळीला वरून दाबून ठेवणारं वजन गेलं.

क्रम असा:

१. गादी असतानाच बेड उघडा, आतलं सगळं सामान काढा, बंद करा.
२. दोघांनी दोन बाजूंना उभं राहून, तोंड आणि छाती फळीच्या वर न आणता, गादी काढा. लगेच फळीवर हात ठेवा आणि तिला हळूहळू वर येऊ द्या.
३. पूर्ण उघडल्यावर दोन्ही बाजूंना भक्कम लाकडी टेकू लावा, शिवाय एक माणूस फळी धरूनच राहील. पिस्टन निघाला की फळीला धरणारं काही उरत नाही.
४. पिस्टन हातानं गोल फिरवून बघा. सहज फिरत असेल तर त्यावर जोर नाही, आता नट किंवा क्लिप काढायला हरकत नाही. घट्ट ताणलेला असेल तर हात लावू नका, जाणकार सुतार बोलवा.
५. एका बाजूचा काढा, टेकू परत तपासा, मग दुसरा. पिस्टनचा चकचकीत दांडा कापडात गुंडाळा, त्यावर चरा पडला की तिथून गॅस गळायला लागतो.
६. दोघांनी फळी हळू खाली आणा, मग तिचे नट-बोल्ट काढून ती वेगळी करा.
७. मग बाजूच्या फळ्या, मग पायाकडची, आणि हेडबोर्ड सगळ्यात शेवटी, ते कुणीतरी धरलेलं असताना.

बेड बंद असताना पिस्टनच्या नटला कधीही पाना लावायचा नाही. तेव्हा तो दाबलेला असतो, सुटला की सरळ अंगावर येतो. पिस्टन ठोकणं, भोक पाडणं, उन्हात तापलेल्या गाडीत टाकणं, हेही नाही. जुन्या पद्धतीचा स्प्रिंगवाला बेड असेल तर घरच्या घरी खोलूच नका.

## ६. गुंडाळणं आणि टेम्पो

एका आकाराची पॅनलं जोडीनं बांधा, चांगली बाजू चांगल्या बाजूला, मधे चादर किंवा पुठ्ठा. दोनपेक्षा जास्त एकत्र नको, जिन्यात वळवता येत नाही. चारही कोपऱ्यांना पुठ्ठा दुमडून लावा, कारण बोर्ड आपटतो तो कोपऱ्यावरच.

उचलताना पॅनल उभ्या कडेवर न्यायचं, जेवणाच्या ताटासारखं आडवं नाही. आडवं धरलं की मधे वाकतं, आणि कोपरा जमिनीला टेकवून वळवलं तर तो कोपरा गेलाच.

आरसा आणि काचेवर टेपची मोठी फुली मारतात, ती फुटू नये म्हणून नाही, फुटलीच तर तुकडे विखरू नयेत म्हणून. त्यावर पुठ्ठा दोन्ही बाजूंनी हवाच, आणि काच नेहमी उभी ठेवायची.

गाडीत सगळ्यात आधी पॅनलं, हौद्याच्या लांबीला उभी, खाली गोधडी. त्यांना टेकून गादी, मग खोकी. पॅनलं आडवी टाकून वर फ्रिज किंवा वॉशिंग मशीन ठेवू देऊ नका. लोड करणारे दादा घाईत असतात, त्यांना सुरुवातीलाच सांगून ठेवा, "दादा, फळ्या उभ्या लावा, वर काही ठेवू नका", नंतर सांगितलं तर सगळं परत उतरवावं लागतं आणि ते कुणालाच नको असतं.

पावसाळ्यात ताडपत्री वरून असतेच, पण पाणी खालून येतं. हौद्याच्या पत्र्यावर साठलेलं पाणी बोर्डाच्या कापलेल्या कडेतून आत शिरतं आणि तो भाग फुगतो, मग तो वाळला तरी मूळ जाडीवर परत येत नाही. म्हणून प्रत्येक जोडीची खालची कड स्ट्रेच फिल्मनं पूर्ण बंद करा आणि हौद्यात आधी प्लॅस्टिक अंथरा. उतरवल्यावर फिल्म लगेच सोडा, आत वाफ धरली तर तेच नुकसान.

## ७. नवीन घरात जोडणं

जुन्या क्रमाच्या बरोबर उलटं, हे बरोबरच आहे, फक्त तीन ठिकाणी थांबायचं.

पहिलं, सैल भोकं आधी दुरुस्त करा. जोडायला घेतल्यावर नाही, किमान एक दिवस आधी. बिजागरीचं किंवा चॅनेलचं भोक सैल झालं असेल तर टूथपिक किंवा जळून उरलेल्या उदबत्तीच्या बांबूच्या काड्या (धुऊन वाळवलेल्या) फेव्हिकॉलमधे बुडवून भोकात घट्ट बसवा, वरचा भाग कापून टाका, आणि २४ तास हात लावू नका. मग बारीक भोक पाडून स्क्रू. मिनीफिक्सचा बोल्टच उपटला असेल तर काड्यांनी भागत नाही, ते भोक मोठं करून लाकडी खुंटी चिकटवून परत त्याच जागी भोक पाडायला लागतं, आणि जागा एक मिमी जरी चुकली तरी चकती धरत नाही, म्हणून ते सुताराकडून करून घ्या.

दुसरं, जुने आटे शोधा. स्क्रू भोकात ठेवून आधी उलटा फिरवा, एका क्षणी बारीक "टक्" जाणवतो, स्क्रू किंचित खाली बसतो. तिथून सुलटा फिरवा. असं केलं की स्क्रू जुन्याच आट्यांत जातो, नाहीतर नवीन आटे कापतो आणि भुशाच्या बोर्डात दोनदा आटे पडले की उरतं फक्त भगदाड. हे हातालाच कळतं, मशीनला नाही, म्हणून मशीन बाजूला ठेवा म्हटलं.

मिनीफिक्स लावताना सगळ्या चकत्यांचे बाण आधी कडेकडं आहेत का बघा, पॅनल हातानं पूर्ण आत बसवा, फट शून्य झाली की मगच चकती फिरवा. चकतीनं पॅनल ओढून घेईल असं समजून फिरवली तर तुटते.

तिसरं, पाठ ठोकायच्या आधी कर्ण मोजा. सांगाडा तोंडावर झोपलेला आहे, आता टेपनं वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्यापर्यंत मोजा, मग दुसरे दोन कोपरे. दोन्ही मापं सारखी आली म्हणजे कपाट गुण्यात आहे. फरक असेल तर लांब कर्णाच्या टोकांवर हातानं हलका दाब देऊन सारखं करा आणि मगच पाठीला चुका मारा. हे केलं नाही आणि मग दोन तास बिजागऱ्यांशी झुंजत बसलेत असे किती तरी जण मी बघितलेत. दोष बिजागरीत नसतो, सांगाडा वाकडा असतानाच पाठ ठोकलेली असते.

पाठ लागली की दोघांनी उभं करा. फरशी उतरती असेल (बाल्कनी किंवा बाथरूमच्या बाजूला असतेच थोडी) तर तळाखाली पातळ पट्टी घालून समतल करा. मग दारं, वरची बिजागरी आधी. दारं वर-खाली, आत-बाहेर, डावी-उजवी करायला बिजागरीवरच स्क्रू असतात, एका वेळी अर्धा फेरा द्या आणि दार बंद करून बघा.

भिंतीची क्लॅम्प परत लावा. घरमालक भोक पाडू देत नाही म्हणून ती सोडून देणारे बरेच आहेत. २०१६ मधे अमेरिकेत आयकियानं जवळपास २ कोटी ९० लाख ड्रॉवरवाली कपाटं परत बोलावली होती, कारण भिंतीला न बांधलेली कपाटं लहान मुलांच्या अंगावर पडून मृत्यू झाले होते. मूल खालचे खण उघडून त्यावर पायरीसारखं चढतं, तेवढ्यानं कपाट पुढं येतं. घरमालकांशी बोला, दोन भोकं जाताना पुट्टीनं बुजवून देतो म्हणून सांगा, माझ्या अनुभवात समजावून सांगितल्यावर नाही म्हणणारा एकच भेटला, आणि तिथं आम्ही उंच कपाट मुलाच्या खोलीत ठेवलंच नाही.

पहिले दोन दिवस कपाट अर्धंच भरा, जड सामान खाली. आठ-दहा दिवसांनी सगळ्या चकत्या आणि बिजागऱ्यांचे स्क्रू एकदा हातानं तपासा, वजन पडल्यावर दोन-तीन तरी सैल झालेले सापडतातच. उरलेली टोपणं, जास्तीच्या खुंट्या आणि अॅलन की एका पिशवीत घालून ती कपाटाच्या आत, वरच्या कप्प्याच्या मागच्या कोपऱ्यात चिकटवून ठेवा.